सात नंबरचे डोळे

४ जुलै, शुक्रवार

जे घडले ते आधी क्रमाने लिहून ठेवते.

१. फेब्रुवारी ते मे या काळात मी जळगाव–धुळे मार्गावरच्या एका खासगी बस कंपनीत चालकांच्या लक्षाची नोंद घेतली. चालकासमोर मध्येच एक लाल दिवा लागतो. तो दिसला की बोटाला बांधलेले बटण दाबायचे. एक लहान कॅमेरा डोळ्यांची उघडझाप, हात आणि खिडक्यांतून दिसणारा रस्ता टिपतो.

२. प्रत्येक चालकाला क्रमांक दिला. तुमचे नाव कोणालाही कळणार नाही, असे मी स्वतः प्रत्येकाला सांगितले. त्यानंतर त्यांनी सह्या केल्या.

३. चित्रणात डोळ्यांची पट्टी तेवढी ठेवून बाकी चेहरे पुसट केले आणि मूळ चित्रण नष्ट केले. हेही आधी ठरले होते.

४. जूनमध्ये माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक हितेंद्र सर यांनी कंपनीच्या मालकांसाठी निष्कर्षांचा तक्ता मागितला. मी दिला. त्यात नावे नव्हती. तारीख आणि गाडी सुटण्याची वेळ होती.

५. मालक बन्सीलालशेठ यांनी तो तक्ता आपल्या ड्यूटीच्या तक्त्याशेजारी ठेवून पाहिला.

६. काल क्रमांक सात यांना गाडीवरून उतरवले. त्यांना सांगितले ते एवढेच : "तुझे डोळे मिटतात, कॉलेजचा रिपोर्ट आहे." क्रमांक सात म्हणजे संघपाल. माझ्या तक्त्यात लाल रंगात असलेली एकमेव फेरी त्यांच्या नावावर आहे, १४ एप्रिलची दुपारची.

मला हे गिरधरभाऊंच्या फोनवरून कळले. ते त्याच कंपनीत चालक आहेत, क्रमांक चार. "मॅडम, संघपालचं काहीतरी करा," एवढेच म्हणाले. एरवी ते थट्टा केल्याशिवाय फोन ठेवत नाहीत.

चूक चौथ्या मुद्द्यात आहे. नाव काढले म्हणजे ओळख गेली असे नसते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते.

५ जुलै, शनिवार

शिकवणी चुकवली नाही. ऋतिका आणि आकाश, दोघे एम.ए.चे, माझ्या खोलीवर संख्याशास्त्र शिकायला येतात. मे महिन्यापासून ते माझे दुसरे निरीक्षकही आहेत. बिनचेहऱ्याचे तुकडे पाहून हात काय करतो त्याची नोंद करायची. माझी आणि त्यांची नोंद जुळली, तरच ती धरायची.

आकाशची जुळते. ऋतिकाची एका तुकड्यात फारच कमी जुळली. कारण विचारले.

"मॅडम, 'हात चाकावरून सुटला' यात हे बसत नाही. हा माणूस पाया पडतोय."

"कोणाच्या?"

"देवळाच्या. बघा ना. हात छातीला, मग कपाळाला, मग परत स्टेअरिंगवर. देऊळ आलं की हात गेलाच. आपल्या रस्त्याला देवळं किती, बिचारा धुळ्याला पोचेपर्यंत दमत असेल."

"तू देवळं मोज," आकाश म्हणाला. "मी झोपतो. मॅडम माझी उघडझाप मोजतील."

"तुझी फक्त झापच मोजावी लागेल."

मी सांगितले, नवी श्रेणी काढायची नाही. अर्थ लावायचा नाही. हात सुटला की नाही, किती वेळ सुटला, इतकेच.

"पण मॅडम, अर्थ डोळ्यासमोर दिसतोय."

"तो तुझ्या मनात आहे, चित्रणात नाही."

तिने वही मिटली. तिला राग आला असावा. तुकडा क्रमांक सातचा होता, १४ एप्रिलचा. दोघांना ते माहीत नाही आणि सांगायचेही नाही.

८ जुलै, मंगळवार

सरांना भेटले. ते घाईत होते. ऑगस्टमधल्या चर्चासत्राच्या भोजनाची जबाबदारी बन्सीलालशेठ घेणार आहेत, त्याबद्दल फोन चालू होता. फोन संपल्यावर मी तक्ता परत मागवा असे म्हटले.

"मृणाली, आपलं संशोधन पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलं. तू सुतकी चेहरा का केला आहेस?"

"आपण गुप्ततेचा शब्द दिला होता, सर."

"नाव आपण दिलं का? नाही. शेठनी काढलं. आणि मला सांग, भर दुपारी डोळे मिटणारा माणूस चाळीस प्रवासी घेऊन महामार्गावर असावा, असं तुझं म्हणणं आहे का?"

सर व्यवहारी आहेत, पण हा प्रश्न व्यवहारातून आलेला नव्हता.

रात्री तो तुकडा पुन्हा पाहिला. पारोळ्याच्या पुढे पापण्या मिटतात, उघडतात, मिटतात. एकदा गाडीचे डावे चाक साइडपट्टीवर उतरते. दिवा लागतो, बटण दाबले जात नाही. आकडे बरोबर आहेत. मी चुकलेली नाही, म्हणजे मोजण्यात.

१० जुलै, गुरुवार

दुपारी संघपालभाऊ विभागात आले. जिन्याच्या पायरीशी उभे होते, हातात सरकारी दवाखान्याचा कागद.

"जय भीम, ताई."

जिन्यावर सर होते, विभागातला लिपिक होता. मी "नमस्कार" म्हटले आणि त्यांना वाचनालयाच्या मागच्या बाकाकडे नेले.

"डोळे तपासून आलो," ते म्हणाले. "डॉक्टर म्हन्ते चांगले आहेत. चष्मापण नको म्हन्ते. मग माझ्या डोळ्यात तुमाला काय दिसलं ते तरी सांगा. मला तर कधी डुलकी लागल्याचं आठवत नाही. का माणसाला त्याचं त्यालाच कळत नाही?"

मी सांगितले की काही वेळा कळत नाही. हे शास्त्रीयदृष्ट्या खरे आहे.

"पोरीला घिऊन गाडी चालवतो मी कधीकधी, मोटारसायकल. आता भ्याव वाटतं."

मी त्यांना त्यांची स्वतःची नोंद दाखवू शकते. तो त्यांचा हक्क आहे. म्हणून सांगितले : बाकी सगळ्या फेऱ्या उत्तम आहेत, फक्त एक वाईट आहे, १४ एप्रिलची, दुपारी सव्वादोनची.

तारीख ऐकल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"चौदा एप्रिल," म्हणाले. मग उठलेच. "असू द्या, ताई. असतील मिटले. माझेच असतील."

"चित्रण पाहायचं आहे का?"

"नको नको. शेठला काही बोलू नका आता. जाऊ द्या."

माणूस जाब विचारायला आला होता. जाताना उलट मलाच समजावत होता. तारीख ऐकताच बदलले. त्यांना ती दुपार आठवली असावी. मला ते कबुलीसारखे वाटले, आणि थोडे बरे वाटले. दोन्ही गोष्टी लिहून ठेवते.

१३ जुलै, रविवार

काल धुळ्याला घरी आले. आई, लिलाबाई, अंगणवाडीतून निवृत्त झाली तरी गल्लीतली पोरे अजून तिच्याच ओट्यावर असतात.

"तुले काय व्हयनं? तोंड कसाले असं?" तिने ताट वाढता वाढता अहिराणीत विचारले.

मी थोडक्यात सांगितले. नाव सांगायचे नव्हते, पण तोंडून निघून गेले.

"संघपाल? आपला शे का तो?"

"हो. त्याचा इथे काय संबंध?"

"संबंध काही नही. इचारं फक्त." मग वरण वाढत म्हणाली, "माणूस आपला शे, तर त्यानी घरवाली जेवनी का नही, हे तरी इचारीशी."

मला राग आला. नमुन्यातल्या माणसाची जात किंवा धर्म मी नोंदलेला नाही, कारण अभ्यासाला त्याची गरज नाही. विभागातही माझे आडनाव ऐकून कोणी पुढचा प्रश्न विचारला, तर मी धुळ्याच्या हवेबद्दल बोलते. आईला हे पटत नाही. तिला पटवण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

संध्याकाळच्या बसने परत निघाले. चालकाच्या मागचीच जागा मिळाली. पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून मारुतीचे छोटे देऊळ आहे. चालकाचा डावा हात सुटला, छातीला गेला, कपाळाला गेला, चाकावर परत आला.

मी फेब्रुवारीपासून या रस्त्याने संघपालभाऊंच्या केबिनमध्ये बसून गेले आहे. त्यांच्या काचेवर निळा झेंडा आहे. त्यांचा हात या देवळापाशी कधीही उचलला गेलेला नाही. आणि १४ एप्रिलला मी बसमध्ये नव्हते. यंत्रे चालू करून ठेवली होती, आणि मी सुट्टी घेऊन धुळ्याला घरी आले होते, आईबरोबर भीमजयंतीच्या मिरवणुकीत. मी ज्या कारणासाठी सुट्टी घेतली त्याच कारणासाठी तेही घेतील, हे माझ्या डोक्यात आले नाही.

ऋतिकाची नोंद बरोबर होती.

१४ जुलै, सोमवार

सकाळपासून सर्व तुकडे पाहिले. हात हा एकटा पुरावा होत नाही, म्हणून बटण दाबण्याची पद्धतही तपासली. क्रमांक सात नेहमी बटण हलके आणि लगेच दाबतात. १३ आणि १४ एप्रिलला ते उशिरा आणि जोर लावून दाबले आहे. तशी सवय फक्त क्रमांक चारची आहे. देवळांपाशी तोच हात, त्याच क्रमाने. क्रमांक चार म्हणजे गिरधरभाऊ, सोनगीरचे.

मग त्यांच्या स्वतःच्या फेऱ्या तक्त्यात चांगल्या का आहेत? त्या सगळ्या फेऱ्यांत मी शेजारी बसले होते. ते सोनगीरच्या किल्ल्यावरच्या भुतांच्या गोष्टी सांगत होते, मी ऐकत होते. मी होते म्हणून ते जागे होते. हे मी पहिल्याच महिन्यात लिहायला हवे होते.

आता दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ज्यांना घरी बसवले त्यांचे डोळे चांगले आहेत. ज्यांचे मिटतात ते आज दुपारीही गाडी घेऊन गेले असतील.

१६ जुलै, बुधवार

असोद्याला गेले. संघपालभाऊंचे घर विचारत विचारत सापडले. दारात त्यांची पत्नी प्रमिलाबाई तांदूळ निवडत होत्या. मी आधी "जय भीम" म्हटले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिले, मग आत हाक मारली.

मी संघपालभाऊंना विचारले नाही, सांगितले : १४ एप्रिलला तुम्ही गाडीवर नव्हता.

ते हसले. "कसं कळलं?"

"मारुतीला हात जोडताना दिसलात."

आधी त्यांना कळले नाही. मग इतक्या जोरात हसले की प्रमिलाबाई बाहेरून "काय झालं?" म्हणाल्या. "आवो, गिरधर! त्याला सांगितलं व्हतं, गाडी माझी आहे, नीट चालव. तर माझ्या झेंड्यासकट पाया पडत गेला!"

मग सांगितले. दरवर्षी असेच चालते. भीमजयंतीचे दोन दिवस गिरधर त्यांची गाडी काढतो. गिरधरच्या गावची जत्रा असली, दिवाळीची भाऊबीज असली, की ते त्याची काढतात. शेठना अशी अदलाबदल अजिबात चालत नाही. कळले तर दोघेही घरी.

"आता तुम्ही एकटेच घरी आहात."

"एकटा बरा. गिरधर साठीला आला, त्याला आता कोन ठेवतं? मला ट्रॅक्टर मिळंल, यावलकडं केळीची गाडी मिळंल."

"मिळंल!" प्रमिलाबाई आत येत म्हणाल्या. "कवाचे मिळूनच राह्यले. ताई, यायनी आठ दिवस आरशासमोर उभं राहून डोळे ताणून पाह्यले. रात्री मला उठवून इचारते, मी झोपेत डोळे उघडे ठेवतो का बघ."

"ते आधीचं झालं," ते ओशाळून म्हणाले. "ताईनं तारीख सांगितली तवाच कळलं, डोळे माझे नाहीत. लय बरं वाटलं. आन लगेच लय वाईट वाटलं."

मी म्हटले, मी शेठना एवढेच लिहीन की त्या दिवशी तुम्ही नव्हता.

"मंग त्या दिवशी कोनाची सुट्टी व्हती ते शेठ पाहीन. गिरधरची व्हती. झालं." त्यांनी हात जोडले. "त्याचं नाव तुमच्या हातून जाऊ देऊ नका, ताई. एकदा माझं गेलं तेवढं पुरं."

ते टोचून बोलले नव्हते. म्हणून जास्त लागले.

निघताना विचारले, अशी अदलाबदल अजून कोण करते?

"कोन करत नाही ते इचारा."

१८ जुलै, शुक्रवार

धुळ्याला बसस्थानकासमोरच्या टपरीवर गिरधरभाऊंना गाठले. सकाळची फेरी संपवून आले होते.

"या मॅडम. आज यंत्र नाही आणलं? मी तर डोळ्यात तेल घालून आलो!"

मी थेट १४ एप्रिलची दुपार सांगितली. चाक साइडपट्टीवर उतरल्याचे सांगितले. चहावाल्याने दोन कप ठेवले. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"त्या दिवशी जयंतीच्या पोरांनी चौकात गाडी थांबवून मला सरबत पाजलं," ते म्हणाले. "झेंडा पाहून. मी पण जय भीम म्हटलो. मस्त दिवस होता तो." मग आपल्या बोलीवर आले. "बठ्ठासले येस झोप, ताई. माले एकलालेच येस का?"

"सगळ्यांना येते. तुमची वेगळी आहे. डोळे उघडे असतानाही तुम्हाला दिवा दिसत नव्हता. रात्री झोप लागते का?"

"घरचे म्हणतात घोरतो. घोरता घोरता श्वासच थांबतो म्हणे, मग दचकून उठतो. बायको छातीवर हात ठेवून झोपते."

हे मी विचारायला हवे होते, माझ्या प्रश्नावलीत ते नव्हते. मी त्यांना सांगितले की याला डॉक्टर आहेत, तपासणी आहे, उपचार आहे. तोपर्यंत गाडी चालवायची नाही.

"आणि चालवली तर?"

"तर मला सांगावं लागेल. गुप्ततेचा शब्द मी दिला आहे, पण गाडीत बसलेल्या माणसांना मी ओळखतही नाही. त्यांना विचारून शब्द दिला नव्हता. तुम्हाला आधी सांगायला आले, एवढंच मला करता येतं."

त्यांनी विचारले, "संघपालला माहीत आहे?"

"हो. तुमचं नाव घेऊ नका म्हणाले."

"येडा शे तो," म्हणाले आणि उठून गेले. चहा तसाच राहिला. दुपारची त्यांची फेरी दुसऱ्या चालकाने नेली. ती सुटेपर्यंत मी तिथेच उभी होते.

१९ जुलै, शनिवार

ऋतिकाला सांगितले की तिची नोंद बरोबर होती आणि मी चूक होते. कोणाचा तुकडा ते सांगितले नाही.

"म्हणजे 'नमस्कार' ही श्रेणी धरायची?"

"आता काहीच धरायचं नाही. हे सगळं कदाचित सोडून द्यावं लागेल."

आकाश उठून बसला. "सगळं? आम्ही मेपासून बघितलेले सगळे हात?"

"हो."

"मॅडम," ऋतिका हळू म्हणाली, "तुमची पीएच.डी.?"

मी पुढचे उदाहरण फळ्यावर लिहिले. दोघांनी ते उतरवून घेतले. आज कोणी विनोद केला नाही.

२० जुलै, रविवार

सकाळी गिरधरभाऊंचा फोन आला. शेठना पाठदुखी सांगून महिनाभराची रजा घेतली आहे. मंगळवारी धुळ्यात डॉक्टरकडे जाणार आहेत. "सूनबाई बरोबर येणार, मी पळून जाऊ नये म्हणून," म्हणाले. मी वाट पाहिली की यापुढचे वाक्य ते बोलतील, शेठकडे जातो असे. ते बोलले नाहीत. "ठेवू का मग?" म्हणाले आणि फोन ठेवला.

मी त्यांना ते वाक्य सुचवले नाही. सुचवायला हवे होते का, ते कळत नाही.

दुपारी सरांशी फोनवर बोलले. अदलाबदलीचे सांगितले, नावाशिवाय.

"एवढंच ना? मग एका ओळीची दुरुस्ती दे. सात नंबरची ती फेरी दुसऱ्या चालकाची होती. शेठ बघून घेतील कुणाची. बाकी काम शाबूत राहील."

"बाकी फेऱ्यांत कोण होतं हेही मला खात्रीने माहीत नाही, सर. ज्या दिवशी मी बसमध्ये नव्हते त्या सगळ्या फेऱ्या संशयित आहेत, आणि ज्या दिवशी होते त्या माझ्यामुळे बिघडलेल्या आहेत."

"हे तू लेखी दिलंस तर तुझा प्रबंध संपला. दोन वर्षं गेली. आणि चर्चासत्र तीन आठवड्यांवर आहे. मी शेठना काय सांगू?"

मी म्हटले, ते मी लिहून देते. तुम्हाला सांगावे लागणार नाही.

ते पुढे म्हणाले, "तू हुशार मुलगी आहेस, अशी भावनिक होऊ नकोस." माझा आवाज तेव्हा नेहमीसारखाच होता. फोन ठेवल्यावर लगेच पत्राचा मसुदा लिहायला बसले.

२१ जुलै, सोमवार

सकाळी अकरा वाजता पाठवले. सर, बन्सीलालशेठ आणि विद्यापीठाची संशोधन-नीती समिती, तिघांना एकच पत्र. प्रत इथे ठेवते.

"मी जूनमध्ये दिलेला तक्ता मागे घेत आहे. त्यातील क्रमांक आणि प्रत्यक्ष गाडी चालवणारी व्यक्ती एकच होती, याची खात्री मी कोणत्याही फेरीबाबत देऊ शकत नाही. हा दोष माझ्या नोंदपद्धतीचा आहे, चालकांचा नाही. हा तक्ता कोणत्याही चालकाविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, आणि तसा वापरला गेला असल्यास तो निर्णय रद्द करावा.

तारीख आणि वेळ देऊन मी चालकांची ओळख उघड होऊ दिली. त्याबद्दल समितीने माझ्यावर योग्य ती कारवाई करावी. कोणत्या फेरीत कोण होते याविषयी मला कोणी प्रश्न विचारला तर मी उत्तर देणार नाही.

दुपारच्या फेऱ्यांत झोपेचा धोका आहे, एवढे मात्र मी ठामपणे म्हणते. तो एका माणसाचा नाही. सर्व चालकांची झोपेची तपासणी करावी आणि दुपारच्या फेरीआधी त्यांना विश्रांती द्यावी. तपासणीत काही आढळले म्हणून कोणाला कामावरून काढू नये, नाहीतर कोणीही खरे सांगणार नाही.

या नोंदींवर आधारित प्रबंध मी सादर करणार नाही.

संघपाल यांना कामावर परत घेतले आहे की नाही, एवढे मला सोमवार, २८ जुलैपर्यंत लेखी कळवावे."